लॅपटॉपचा प्रोसेसर बदलला तर गेम पळेल का?

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न कानावर पडतो: ‘यातला आय३ काढून आय७ टाकून मिळेल का?’ विचारणारा बहुधा कॉलेजातला असतो. लॅपटॉप अभ्यासाच्या नावाखाली घेतलेला असतो, दोन वर्षांत गेम अडखळायला लागलेले असतात, आणि नवा लॅपटॉप मागायचं घरी धाडस होत नाही. दुकानदार मान हलवतो, ‘नाही होत’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याचं उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. का होत नाही, पूर्वी कसं होत होतं, आणि झालं असतं तरी गेम खरंच पळाला असता का, हे सगळं त्या मान हलवण्यात राहून जातं.

ही अपेक्षा डेस्कटॉपवरून आली आहे. तिथे ती रास्तही आहे. ज्याने २०१७ मध्ये एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बी३५० मदरबोर्ड आणि चार कोअरचा रायझेन घेतला, त्याला पाच वर्षांनी त्याच बोर्डावर रायझेन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. मधल्या काळात बायोस अपडेट करायचं आणि कूलर काढून परत लावायचा, एवढंच काम. गेममधला फरक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होता. डेस्कटॉपवाल्या मित्राची ही कामगिरी पाहिलेल्या लॅपटॉपवाल्याला आपल्याही पेटीत असंच काही करता येईल असं वाटलं, तर त्यात त्याची चूक नाही.

शिवाय एके काळी लॅपटॉपमध्येही हे करता येत होतं. इंटेलच्या कोअर २ ड्युओच्या काळातलं सॉकेट पी, मग जी१, २०११ चं जी२, २०१३ चं जी३, या सगळ्या सॉकेटांत प्रोसेसर पिनांवर बसायचा. बाजूचा एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला की चिप सैल होऊन हातात यायची. एएमडीची एफएस१ सॉकेटंही त्याच काळातली. मग २०१३ च्या हॅसवेल पिढीत इंटेलने एकाच चिपचे दोन अवतार विकले: आय७-४७००एमक्यू सॉकेटमधला आणि आय७-४७००एचक्यू बोर्डावर सोल्डर केलेला. नावात एका अक्षराचा फरक, पण एकाला बदलाची वाट होती आणि दुसऱ्याला नव्हती. पुढच्या ब्रॉडवेल पिढीपासून लॅपटॉपसाठी सॉकेटची चिप आलीच नाही. एएमडीनेही त्याच सुमारास तोच रस्ता धरला.

कारण काय, तर जाडी. ॲपलने २००८ मध्ये मॅकबुक एअर काढला, तेव्हा त्यासाठी इंटेलकडून मुद्दाम लहान आकाराची चिप बनवून घेतली होती. इंटेलने २०११ मध्ये अल्ट्राबुक ही कल्पना बाजारात आणली आणि लॅपटॉप अठरा-एकवीस मिलिमीटरच्या आत बसला पाहिजे अशी अट घातली. एवढ्या जागेत सॉकेटची उंची परवडत नाही. सॉकेट गेलं की बोर्ड स्वस्त होतो, बिघाडाची एक जागा कमी होते, आणि गिऱ्हाईक तीन-चार वर्षांनी नवा लॅपटॉप घ्यायला येतं. शेवटचं कारण कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं, पण ते नजरेआड करण्याइतकं भोळं राहायचं कारण नाही.

जुन्या सॉकेटवाल्यांचं उदाहरण नीट पाहू, कारण इंटरनेटवर याविषयी फार उत्साहाने लिहिलं जातं. लेनोव्होचा थिंकपॅड टी४४०पी हा सॉकेटचा प्रोसेसर असलेल्या टी मालिकेतल्या शेवटच्या लॅपटॉपांपैकी एक. मोठ्या कंपन्यांनी वापरून टाकलेले असे लॅपटॉप रिफर्बिश्ड बाजारात भरपूर फिरले. त्यात मूळचा आय५-४३००एम असतो: दोन कोअर, ३७ वॅट. तो काढून आय७-४७१२एमक्यू बसवता येतो: चार कोअर आणि तरीही ३७ वॅटच, म्हणून मूळच्या पंख्यावर फार ताण येत नाही. व्हिडिओ एन्कोड करणं, मोठा कोड कंपाइल करणं, एकाच वेळी चार कामं चालवणं, यात फरक भरघोस पडतो. ज्याचं काम त्या प्रकारचं आहे, त्याने हे जरूर केलं असेल आणि तो खूशही असेल.

गेमचं मात्र वेगळं आहे. दोन्ही चिपांच्या पोटातलं ग्राफिक्स एकच, एचडी ४६००. काही टी४४०पीमध्ये एनव्हिडियाचं जीटी ७३०एम असतं, तेही त्याच्या काळातच कमकुवत मानलं जायचं. पडद्यावरची चित्रं रंगवणारा कारागीर तोच राहिला, तर त्याला सूचना देणारे दोनाचे चार झाले म्हणून चित्रं दुप्पट वेगाने तयार होत नाहीत. वर आणखी एक अडचण. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर जवळजवळ नाहीतच, हॅसवेल तर नाहीच. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय सुरूच होत नाही. ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलता येतो, तो नेमका गेमच्या दृष्टीने मोडीत निघालेला आहे, ही या प्रश्नातली पहिली गोम.

सॉकेट जुळलं म्हणजे चिप चालेलच, असंही नव्हतं. बायोसला ती चिप ओळखता आली पाहिजे, बोर्डावरच्या वीजपुरवठ्याला तिचे वॅट झेपले पाहिजेत, उष्णतावाहक नळीला तिची उष्णता वाहून नेता आली पाहिजे. ३५ वॅटच्या जागी ४५ वॅटची चिप बसवून लॅपटॉप आधीपेक्षा हळू झाल्याच्या कहाण्या खोट्या नाहीत. तापमान वाढलं की चिप स्वतःच वेग उतरवते. त्यात सेकंडहँड बाजारात इंजिनिअरिंग सँपल, म्हणजे कंपनीने चाचणीसाठी बनवलेल्या आणि विक्रीसाठी नसलेल्या चिपाही खपवल्या जात. स्वस्त पडतात म्हणून त्या घेणाऱ्यांना नंतर पस्तावा व्हायचा.

सोल्डरच्या युगातही काही हट्टी लोकांनी सॉकेट जिवंत ठेवलं. तैवानच्या क्लेव्होने डेस्कटॉपचे प्रोसेसर बसणारे जाडजूड लॅपटॉप काढले. आसूसने २०१७ मध्ये आरओजी जीएल७०२झेडसीमध्ये आठ कोअरचा डेस्कटॉप रायझेन बसवला. यांत सर्वांत गाजला तो डेलच्या एलियनवेअरचा एरिया-५१एम. २०१९ च्या जानेवारीत तो जाहीर झाला तेव्हा अपग्रेड हाच त्याचा डंका होता. आय९-९९००केपर्यंतचा डेस्कटॉप प्रोसेसर सॉकेटमध्ये, ग्राफिक्स वेगळ्या कार्डावर. वजन साडेतीन किलोच्या पुढे आणि पूर्ण ताकदीने चालवायला एक नव्हे, दोन अडॅप्टर. मांडीवर घेऊन वापरायची ही वस्तू नव्हेच.

पण पुढच्याच वर्षी इंटेलची दहावी पिढी आली ती नवं सॉकेट घेऊन. ज्यांनी सुरुवातीलाच सर्वांत वरचा प्रोसेसर घेतला होता, त्यांच्यासाठी त्या जुन्या सॉकेटात बसणारं त्याहून वरचं असं जवळजवळ काही उरलं नाही. ग्राफिक्सच्या नव्या पिढीसाठीही कंपनीने नवा लॅपटॉपच पुढे केला. अपग्रेडच्या जाहिरातीने फसवणूक झाली, असा दावा एका खरेदीदाराने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दाखल केला. दाव्यात कोण बरोबर, हा भाग सोडून देऊ. माझ्या मते या प्रकरणातून एवढं कळतं, की सॉकेट असणं पुरेसं नाही. चिप बनवणाऱ्याने तेच सॉकेट पुढे चालू ठेवलं पाहिजे आणि लॅपटॉप बनवणाऱ्याने त्याच्यासाठी बायोस लिहीत राहिलं पाहिजे. डेस्कटॉपवर एएम४ टिकलं, कारण लाखो बोर्ड त्यावर उभे होते. एका लॅपटॉपसाठी कोण एवढं करणार?

आता सोल्डर केलेली चिप काढून दुसरी बसवणं. हे अशक्य नाही. चिपच्या पोटाखाली हजाराहून जास्त बारीक मणी असतात. शिशाविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सियसला वितळतं. चांगलं रिवर्क मशीन आणि सरावलेला हात असेल, तर चिप उतरते आणि नवी चढते. आपल्याकडचे चांगले कारागीर ग्राफिक्सच्या चिपचं रिबॉलिंग वर्षानुवर्षं करत आलेत. पण बायोसचा आणि वीजपुरवठ्याचा प्रश्न इथेही तसाच उभा राहतो. बोर्ड वाकला किंवा एक मणी सुटला तर संपूर्ण लॅपटॉप गेला. चिपची किंमत, मजुरी आणि जोखीम यांची बेरीज केली तर हा सौदा छंदिष्टाचा आहे, गरजवंताचा नाही.

त्यापेक्षा शहाणा मार्ग म्हणजे अख्खा मदरबोर्ड बदलणं. एकाच मॉडेलचे आय५ आणि आय७ असे प्रकार असतील, तर वरच्या प्रकाराचा बोर्ड त्याच पेटीत बहुधा बसतो. मात्र पंखा आणि नळ्या कधी कधी वेगळ्या असतात, विंडोजचं लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, आणि बोर्डाची किंमत ऐकल्यावर बरेच जण परत फिरतात. हाच मार्ग राजमार्ग करण्याचा प्रयत्न अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीने २०२१ पासून केला आहे. तिच्या १३ इंची लॅपटॉपसाठी इंटेलच्या अकराव्या पिढीनंतर बाराव्या, तेराव्या पिढीचे आणि रायझेनचे बोर्ड त्याच सांगाड्यात बसतील असे आले. १६ इंची लॅपटॉपमध्ये तर ग्राफिक्सचा भागही मागून सरकवून बदलता येतो, आणि २०२५ मध्ये त्यासाठी आरटीएक्स ५०७० चा नवा भाग आला. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर-ग्राफिक्सची खऱ्या अर्थाने अपग्रेड म्हणावी अशी सोय आज एवढीच आहे. पण त्या तत्त्वाची किंमत आधीच मोजावी लागते. तेवढ्याच पैशात जास्त ताकदीचा बंद लॅपटॉप मिळतो.

इथवर ‘होतं का’ याची चर्चा झाली. ‘करून उपयोग काय’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

गेम चालताना प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत आड येते का. मग तो ग्राफिक्स चिपला काय रंगवायचं ते सांगतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर या सगळ्याला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर सातपेक्षा कमी. दोघांपैकी जो उशीर करतो, तो वेग ठरवतो. सायबरपंक २०७७ सारख्या गेममध्ये बहुतेक लॅपटॉपांवर ग्राफिक्स मागे पडतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ किंवा वस्ती वाढलेलं सिटीज स्कायलाइन्स यांत प्रोसेसर मागे पडतो.

आपल्याकडे कोण मागे पडतंय, हे ओळखायला पैसे लागत नाहीत. गेमचं रेझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम चांगल्या वाढल्या तर अडचण ग्राफिक्सची होती. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची, किंवा मेमरीची. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं मोफत साधन लावून ग्राफिक्सचा वापर ९५ टक्क्यांच्या वर दिसतोय का, हेही पाहता येतं. वर दिसत असेल तर प्रोसेसर बदलायचा विचार तिथल्या तिथे सोडून द्यावा.

आणि समजा प्रोसेसरच मागे पडतोय. तरी लॅपटॉपमध्ये त्याचा अर्थ ‘चिप कमी ताकदीची’ असा बहुतेक वेळा नसतो, ‘चिपला वॅट मिळत नाहीत’ असा असतो. आय७-१२७००एच घ्या. मूळ मर्यादा ४५ वॅट, थोड्या वेळापुरती ११५ वॅट. आय५-१२५००एचची मूळ मर्यादाही ४५, वरची ९५. पातळ पेटीत गेमच्या दुसऱ्या तासाला दोघांनाही चाळीस-पन्नास वॅटच मिळत असतील, तर कागदावरचा फरक खेळात कुठून दिसणार? बऱ्याच लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांची उष्णता एकाच जोडनळीतून बाहेर जाते. एका नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तसा हा मामला: एकाने तोटी जास्त उघडली की दुसऱ्याची धार बारीक होते. जास्त ताकदीचा प्रोसेसर अशा पेटीत ग्राफिक्सच्या वाट्याची थंडाई खाऊन फ्रेम उलट कमीही करू शकतो.

ग्राफिक्सचंही हेच. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप या एकाच नावाखाली ३५ पासून ११५ वॅटपर्यंतचे प्रकार विकले जातात. दोन मित्रांनी एकाच नावाचं कार्ड घेतलं आणि एकाचा गेम दुसऱ्याच्या पुढे पळाला, तर नशिबाला दोष द्यायचं कारण नाही.

म्हणून लॅपटॉपमध्ये खरी अपग्रेड थंडाईची. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. मेमध्ये नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पुण्यात जानेवारीत सुरळीत चालणारा तोच लॅपटॉप शंभर अंशांना टेकून वेग उतरवतो. (वऱ्हाडात कूलरसमोर लॅपटॉप ठेवून खेळणारेही आहेत. ओलसर हवेचा झोत यंत्राला मानवत नाही, एवढं त्यांनी लक्षात घ्यावं.) दोन-तीन वर्षांच्या लॅपटॉपच्या जाळीत धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला असतो. तो काढणं, वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं किंवा तिच्या जागी हनीवेलच्या पीटीएम७९५० सारखा तापल्यावर मऊ होऊन पसरणारा थर लावणं, मागची बाजू थोडी उचलून ठेवणं, या कामांचा खर्च नव्या चिपच्या तुलनेत किरकोळ आहे. गमावलेला वेग परत मिळवून देण्यात याच्या तोडीचं दुसरं काही मला माहीत नाही.

प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं कमी करून त्याला थंड ठेवण्याची युक्तीही चांगली होती. थ्रॉटलस्टॉपसारख्या साधनाने हजारो लोक ती करत. मग डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली फट उघड झाली आणि इंटेलने अपडेटमधून व्होल्टेजची ती सोय बंद करायची वाट कंपन्यांना दिली. आज अनेक लॅपटॉपांत ती बायोसमध्येच कुलूपबंद असते. तुमच्यात उघडी असेल तर बेताने वापरून पाहावी.

दुसरी खरी अपग्रेड रॅमची, आणि तिच्याकडे नेमकं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या स्वस्त लॅपटॉपवाल्यांनी आधी पाहावं. त्यांचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्याने रॅमच वापरतं. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी डेटा वाहतो, दोन पट्ट्या असतील तर ५१.२ जीबी. अरुंद वाटेत अडकलेलं ग्राफिक्स त्यामुळे एकदम मोकळं होतं. इंटेलने तर आयरिस एक्सई हे नावसुद्धा दोन चॅनेलच्या अटीवर ठेवलं. तोच प्रोसेसर, पण एकच पट्टी असेल तर विंडोज त्याला साधं यूएचडी ग्राफिक्स म्हणून दाखवतं. खेड्यापाड्यातल्या किती लॅपटॉपांत ती दुसरी जागा अजून रिकामी असेल! आठ जीबीची आणखी एक पट्टी बसवणं हे ‘आय३ काढून आय७ टाकण्या’पेक्षा स्वस्त, सोपं आणि गेमसाठी कितीतरी उपयोगी आहे. फक्त २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती चढल्यात, तेव्हा भाव विचारून घ्यावा.

बाकीचे उपाय लवकर आवरतो. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली की गेम झटकन उघडतो आणि मोठ्या नकाशातले झटके कमी होतात, सरासरी फ्रेम मात्र वाढत नाहीत. बॅटरीवर गेम खेळू नये, आणि अडॅप्टर कंपनीने दिला तेवढ्याच वॅटचा असावा. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल तर तो ग्राफिक्सकडे वळवावा, म्हणजे तयार फ्रेम प्रोसेसरच्या ग्राफिक्समधून वळसा घेत नाही. नसेल तर बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयला लावून पाहावा, अनेक गेमिंग लॅपटॉपांत तो थेट कार्डाला जोडलेला असतो. एएमडीचं एफएसआर, म्हणजे चित्र कमी रेझोल्यूशनला रंगवून मोठं करण्याचं तंत्र, जुन्या कार्डांवरही चालतं आणि ग्राफिक्सचं ओझं हलकं करतं, प्रोसेसरचं नाही. थंडरबोल्टवर बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडण्याचा प्रकार दिसायला मोहक आहे, पण डबा, कार्ड आणि ४० गिगाबिटची अरुंद वाट यांचा हिशेब केला तर त्या पैशात जुना डेस्कटॉप उभा राहतो.

पुढचं चित्र मात्र फार आशादायक नाही. प्रोसेसरनंतर आता रॅमची पाळी आहे. इंटेलच्या २०२४ च्या लूनार लेक चिपांत मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली आहे: १६ किंवा ३२ जीबी, जे घेतलं ते कायमचं. एएमडीच्या रायझेन एआय मॅक्समध्येही मेमरी सोल्डरच आहे, कारण तिला लागणारा वेग सुट्या पट्टीवर टिकवणं अवघड जातं. याला उत्तर म्हणून एलपीकॅम२ नावाची चपटी, स्क्रूने बसणारी मेमरी आली आहे, आणि लेनोव्होने २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये ती वापरली, पण स्वस्त लॅपटॉपांपर्यंत ती अजून उतरलेली नाही. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पण दुकानात लॅपटॉप हातात घेतल्यावर त्याची रॅम निघते की नाही, हे डब्यावर अजून शोधावंच लागतं.

तेव्हा निकाल असा: गेमसाठी लॅपटॉपचा प्रोसेसर बदलायच्या भानगडीत पडू नये. प्रोसेसर खरेदीच्या दिवशी निवडायचा असतो, तोही सर्वांत शेवटी. दुकानदाराला आधी विचारा की ग्राफिक्स किती वॅटचं, रॅमच्या जागा किती आणि त्यातली रिकामी किती, मक्स स्विच आहे का, आणि पंखा साफ करायला मागचं झाकण सहज उघडतं का. याची उत्तरं मिळाल्यावर पैसे उरले तर आय७ घ्या, नाहीतर आय५ पुरे आहे.